सशाची शिकार व श्वानशिक्षण

सशाचा माग काढणे, त्याला दडणीतून उठविणे आणि तो दृष्टीआड झाल्यावरही गंधाच्या आधारे त्याचा पाठलाग न सोडणे, हे काम तरुण कुत्र्याला शिकविण्याची परंपरागत विद्या. यूरोपात या विद्येचा लेखी इतिहास इ. स. पू. चौथ्या शतकापासून सलग सांगता येतो. तिच्यातील सर्वांत जुना व सतत पुढे येणारा प्रश्न म्हणजे उशिरा मागाला लागणाऱ्या पिल्लाचा होय. एकाच वितीतील काही पिल्ले पाचव्या-सहाव्या महिन्यात आपण होऊन माग धरतात, तर काही वर्ष उलटले, तरी मालकाच्या पायांत घुटमळत राहतात. अशा पिल्लाला वेळ द्यावयाचा की ते निकामी समजून काढून टाकावयाचे, याचा निर्णय निरनिराळ्या काळांत निरनिराळ्या रीतीने घेतला गेला. त्या निर्णयामागे कुत्र्याच्या स्वभावाविषयीची समजूत जशी होती, तशीच शिकार कोणी व कशासाठी करावयाची, याविषयीची समाजाची धारणाही होती.

ससा व त्याचा माग : मराठीत ‘ससा’ या एकाच नावाने ओळखले जाणारे प्राणी शिकारीच्या दृष्टीने तीन प्रकारचे आहेत. लेपस प्रजातीतील ससे बीळ करीत नाहीत. उघड्या माळावर किंवा गवतात उथळ दडण करून ते बसतात आणि उठल्यावर वेगावर भिस्त ठेवून लांबवर पळतात. भारतातील काळ्या मानेचा ससा (लेपस नायग्रिकॉलिस) याच प्रजातीतील आहे. मूळचा आयबेरियन द्वीपकल्पातील यूरोपीय ससा (ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस) जमिनीत बिळे करून वसाहतीने राहतो व धोका दिसताच बिळात शिरतो. उत्तर अमेरिकेतील कॉटनटेल (सिल्व्हिलॅगस प्रजाती) स्वतः बीळ सहसा खणीत नाही. पाठलाग सुरू झाला की, तो आपल्या नेहमीच्या लहानशा टापूत वळसा घेऊन जेथून उठला, त्याच्या आसपास परत येतो. पहिल्यासाठी वेगवान व चिवट कुत्री, दुसऱ्यासाठी बिळाशी काम करणारे फेरेट व जाळी आणि तिसऱ्यासाठी संथपणे पण न चुकता माग काढणारी कुत्री, अशी साधने त्यामुळे प्रचारात आली.

शिकारी कुत्र्यांचेही दोन वर्ग पडतात. ग्रेहाउंड, सालुकी किंवा दख्खनमधील कारवान ही दृष्टीवर धावणारी कुत्री होत. ससा दिसेनासा झाला की, त्यांचे काम बहुधा संपते. बीगल, हॅरियर, बॅसेट ही गंधावर चालणारी कुत्री होत. दृष्टीवर धावण्याची प्रेरणा जवळजवळ प्रत्येक पिल्लात दिसते. गंधावर चालताना मात्र डोळ्यांसमोर काही नसते. जमिनीवरचा क्षीण वास, त्याची दिशा, तो तुटल्यास पुन्हा कोठे शोधावयाचा, हे सर्व अनुभवाने जमते. ‘मंद’ पिल्लाची तक्रार म्हणूनच प्रामुख्याने गंधावर चालणाऱ्या कुत्र्यांविषयी आढळते.

प्राचीन काळ : या विषयावरील उपलब्ध सर्वांत जुना ग्रंथ म्हणजे ग्रीक इतिहासकार झेनोफन (इ. स. पू. सु. ४३०–३५४) याच्या नावावर असलेला सायनेजेटिकस (मृगयाविषयक) हा होय. त्यातील मोठा भाग सशाच्या शिकारीला वाहिलेला आहे. सशाच्या वाटांवर वाघुरी लावून कुत्र्यांनी ससा त्यांच्याकडे हाकावयाचा, अशी ही पद्धत होती. ऋतूप्रमाणे माग कसा बदलतो, याचे त्यातील निरीक्षण आजही मान्य होण्यासारखे आहे. हिवाळ्याच्या पहाटे गोठलेल्या जमिनीवर गंध राहत नाही, वसंतात फुलांच्या वासात तो मिसळून जातो, मोठ्या पावसाने तो बिघडतो, असे त्यात सांगितले आहे. कुत्र्याचे अपयश हे पुष्कळदा हवेचे व जमिनीचे अपयश असते, ही जाणीव त्यामागे आहे.

पिल्लांच्या शिक्षणाबाबत या ग्रंथातील नियम सविस्तर आहेत. मादीला आठव्या व नराला दहाव्या महिन्यात शिकारीस न्यावे. त्यांना एकदम मोकळे सोडू नये, तर लांब दोराला बांधून माग काढणाऱ्या जाणत्या कुत्र्यांच्या मागोमाग चालवावे आणि मागावर हुंगू द्यावे. ससा उठल्यावर चांगल्या बांध्याच्या पिल्लांना तो पुढे जाऊन दिसेनासा झाल्यावरच सोडावे; ससा जवळ दिसत असताना सोडल्यास ती उत्साहाच्या भरात अजून न भरलेल्या शरीराला इजा करून घेतात. बेढब पिल्लांना लगेच सोडण्यास मात्र हरकत नाही, कारण ससा हाती लागेल अशी आशाच त्यांना वाटत नाही. वाघुरी काढताना त्यांच्याजवळच पिल्लांना खाऊ घालावे, म्हणजे अननुभवामुळे भरकटलेले पिल्लू अन्नाच्या ओढीने परत येते. पुढे शिकारीविषयी ईर्षा निर्माण झाली की, ही गरज उरत नाही. शिकाऱ्याने शक्यतो स्वतःच्या हाताने अन्न द्यावे, कारण उपाशी राहण्याचा दोष कोणाचा, हे कुत्र्याला कळत नसले, तरी भुकेच्या वेळी देणारा त्याला प्रिय होतो. हाक मारण्यास सोपी अशी ४७ आखूड नावेही तेथे दिली आहेत. या सर्व विवेचनात मारझोडीला स्थान नाही. सशाची अगदी लहान पिल्ले शिकाऱ्यांनी मृगयादेवतेसाठी सोडून द्यावीत, असा संकेतही त्यात नोंदलेला आहे.

इ. स. दुसऱ्या शतकात अरायन या ग्रीक लेखकाने याच नावाचा ग्रंथ लिहिला. झेनोफनला केल्टिक वेगवान कुत्री माहीत नव्हती, ही उणीव भरून काढणे हा त्याचा हेतू होता. उशिरा तयार होणाऱ्या कुत्र्याच्या दृष्टीने त्याचे मत महत्त्वाचे आहे. मादीला अकराव्या महिन्याच्या सुमारास शिकारीस न्यावे. नराचे अवयव उशिरा घट्ट होत असल्याने त्याच्यासाठी दोन वर्षांपर्यंत थांबावे, असे तो सांगतो. सशाला पुरेसे अंतर द्यावे आणि त्याच्यामागे दोनपेक्षा अधिक कुत्री सोडू नयेत, असा केल्ट लोकांचा शिरस्ता त्याने वर्णिला आहे. कुत्र्याला नावाने हाक मारून, डोक्यावरून हात फिरवून शाबासकी द्यावी, हा त्याचा उपदेश असून स्वतःच्या हॉर्मी नावाच्या कुत्रीचे त्याने केलेले वर्णन प्राचीन वाङ्मयातील प्राणिप्रेमाचा एक हृद्य नमुना मानले जाते.

मध्ययुग : मध्ययुगीन यूरोपात शिकार हे सरदारवर्गाच्या शिक्षणाचे अंग बनले. फ्वाचा काउंट गास्ताँ फेब्यूस याने १३८७ मध्ये लिहावयास घेतलेला लिव्र द शास हा फ्रेंच ग्रंथ आणि यॉर्कचा दुसरा ड्यूक एडवर्ड याने १४०६–१३ या काळात केलेले त्याचे इंग्रजी रूपांतर द मास्टर ऑफ गेम हे या काळातील प्रमुख ग्रंथ होत. श्वानशाळेतील मुलाने वयाच्या सातव्या वर्षापासून प्रत्येक कुत्र्याचे नाव, रंग व स्वभाव ओळखावयास शिकावे, असे गास्ताँ सांगतो. रात्री कुत्र्यांची भांडणे होऊ नयेत, म्हणून अशा मुलाने श्वानशाळेतच झोपावे, असा प्रघात होता. पिल्लाचे शिक्षण व मुलाचे शिक्षण येथे बरोबरीने चाले. कोणते पिल्लू आळशी व कोणते केवळ बुजरे, हे दिवसरात्र त्याच्या सहवासात राहणारालाच उमजते, हा त्यातील व्यावहारिक आधार होय.

याच काळात शिकारी कुत्रा बाळगणे हा दर्जाचा प्रश्न झाला. इंग्लंडमध्ये १३९० च्या कायद्याने ज्या सामान्य माणसाच्या जमिनीचे उत्पन्न वर्षाला ४० शिलिंगांपेक्षा कमी असेल, त्याला शिकारी कुत्रे किंवा सशाची जाळी बाळगण्यास मनाई केली. १६७१ च्या कायद्याने ही मर्यादा जमीनमालकीच्या १०० पौंड वार्षिक उत्पन्नापर्यंत नेली. पिकांची नासाडी करणारा ससा ज्याच्या शेतात शिरे, त्या कुळाला तो मारण्याचा हक्क नसे. ही मालमत्तेची अट १८३१ मध्ये रद्द झाली आणि १८८० च्या कायद्याने आपल्या कसणुकीतील जमिनीवर ससे मारण्याचा अहार्य हक्क कुळांना मिळाला. कायद्याला चुकवून रात्री शांतपणे काम करणारे लर्चर जातीचे संकरित कुत्रे ही या निर्बंधांचीच निष्पत्ती होय. न भुंकता माग काढणे, हा गुण श्रीमंतांच्या श्वानपथकात दोष ठरे, तर चोरून शिकार करणाऱ्या गरिबाच्या दृष्टीने तोच मोलाचा होता.

इंग्लंडमधील श्वानपथके : लहान चणीच्या, गंधावर चालणाऱ्या कुत्र्यांना ‘बीगल’ हे नाव पंधराव्या शतकापासून आढळते. अशा कुत्र्यांमागे शिकारी पायी चालत, तर त्यांच्याहून मोठ्या हॅरियर कुत्र्यांमागे घोड्यावरून जात. दक्षिणेकडील कुत्री जड, मंद गतीची, पण सूक्ष्म घ्राणशक्तीची. उत्तरेकडील चपळ व अधीर, असा भेद जुने लेखक करीत. गर्व्हेस मार्कम याने कंट्री कंटेंटमेंट्स (१६१५) या ग्रंथात पथकातील कुत्र्यांचे आवाज गायकवृंदाप्रमाणे कसे जुळवावेत, याचीही चर्चा केली आहे. अठराव्या शतकात कोल्ह्याच्या शिकारीची लोकप्रियता वाढली, तसे वेगाचे महत्त्व वाढले व संथ कुत्री मागे पडली. पीटर बेकफर्ड याचे थॉट्स ऑन हंटिंग हे १७८१ मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक या स्थित्यंतराच्या काळातील असून श्वानशाळेची व्यवस्था व तरुण कुत्र्यांचे शिक्षण यांवर ते दीर्घकाळ प्रमाण मानले गेले.

इंग्रजी पद्धतीत दूध तुटलेली पिल्ले आसपासच्या शेतकऱ्यांकडे व कुळांकडे वाढविण्यास देत. गुरेढोरे, कोंबड्या, मुले यांच्या सहवासात ती धीट व माणसाळलेली होत. तेथून परतल्यावर त्यांना नावाला ओळख देणे, जाणत्या कुत्र्याबरोबर एका साखळीत जोडून फिरविणे, मेंढ्यांकडे दुर्लक्ष करण्यास शिकविणे आणि मगच मागावर सोडणे, असा क्रम असे. या पद्धतीला एक कठोर बाजूही होती. पथकाला एका वेगाने धावणारी व एकमेकांवर विश्वास ठेवणारी कुत्री हवी असल्याने मागे राहणाऱ्या, माग नसता भुंकणाऱ्या किंवा माग सोडून आडवे धावणाऱ्या कुत्र्याला दर हंगामात वगळले जाई. एखादे कुत्रे पुढील वर्षी सुधारेल का, याची वाट पाहण्यास मोठ्या पथकात सहसा सवड नसे. एकदोनच कुत्री बाळगणाऱ्या खेडुताला मात्र प्रत्येक पिल्लासाठी थांबणे भाग होते. संथ पिल्लाविषयीचे सहनशील धोरण बहुतांशी अशा लहान मालकांच्या अनुभवातून आले आहे.

अमेरिकेतील विकास : अमेरिकेत ससा ही सामान्य शेतकऱ्याचीही शिकार होती. यादवी युद्धानंतर (१८६१–६५) इलिनॉय राज्यातील कार्लिनव्हिल येथील जनरल रिचर्ड रोवेट याने इंग्लंडमधून उत्तम बीगल आणून पैदास सुरू केली. १८८५ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने या जातीची नोंदणी स्वीकारली आणि ४ नोव्हेंबर १८९० रोजी मॅसॅचूसेट्समधील हायॅनिस येथे बीगलांची पहिली क्षेत्रीय स्पर्धा झाली. १९१६ पासून व्हर्जिनियातील ॲल्डी येथे नॅशनल बीगल क्लबची स्वतःची जमीन आहे.

दोन कुत्र्यांना एका वेळी मागावर सोडून त्यांची तुलना करणे, हा या स्पर्धांचा एक प्रमुख प्रकार होय. मागावरून किंचितही न ढळणाऱ्या कुत्र्याला अधिक गुण मिळत. त्यामुळे पैदास करणाऱ्यांनी पिढ्यानुपिढ्या अधिकाधिक सावध कुत्री निवडली आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर या स्पर्धांतील कुत्री इतक्या संथ गतीने चालू लागली की, बंदूक घेऊन उभ्या असलेल्या शिकाऱ्याला त्यांचा उपयोग उरला नाही. यावरची प्रतिक्रिया म्हणून प्रत्यक्ष शिकारीतील उपयुक्तता, ससा शोधून उठविण्याची जिद्द व बंदुकीच्या आवाजाला न बुजणे यांची परीक्षा घेणारे स्पर्धाप्रकार पुढे आले. मंद गती व मंद आरंभ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे या घडामोडीने स्पष्ट झाले. पहिली बहुतांशी निवडपैदाशीने येते. दुसरीची कारणे प्रत्येक पिल्लागणिक शोधावी लागतात.

मंद पिल्लाचे शिक्षण : कॉटनटेल सशासाठी बीगल तयार करण्याची जी पद्धत अमेरिकेत रूढ झाली, तिच्यात पिल्लाला लहानपणापासून गवतात, झुडपांत व काटेरी जाळ्यांत माणसाबरोबर हिंडविणे ही पहिली पायरी असते. यानंतर सशाचे कातडे दोरीने ओढून केलेल्या कृत्रिम मागावर त्याला चालवितात किंवा कुंपण घातलेल्या व ससे सोडलेल्या लहान आवारात मोकळे सोडतात. तेथे ससा वारंवार दृष्टीस पडतो. तो दिसेनासा होताच पिल्लू ज्या क्षणी मान खाली घालून त्याचा वास धरते, तो क्षण या शिक्षणातील खरा आरंभ मानतात. रानात नेताना पहाटेची किंवा संध्याकाळची ओलसर वेळ निवडतात, कारण कोरड्या, तापलेल्या जमिनीवर जाणत्या कुत्र्यालाही माग लागत नाही. प्रशिक्षकाने ससा स्वतः उठवून पिल्लाला तो गेलेल्या ठिकाणी बोलवावे, बोटाने जमीन दाखवावी आणि मग बाजूला व्हावे, अशी रीत आहे.

उशिरा सुरुवात करणाऱ्या पिल्लाच्या बाबतीत होणाऱ्या चुका बहुधा घाईतून होतात. अतिशय वेगवान वडील कुत्र्याबरोबर सोडलेले पिल्लू सशाचा माग न काढता त्या कुत्र्याच्याच मागे धावावयास शिकते. म्हणून सोबतीला संथ, स्थिर व न भांडणारे वयस्क कुत्रे निवडतात आणि थोड्याच दिवसांत पिल्लाला एकटे सोडून त्याची परीक्षा घेतात. माग तुटल्यावर दरवेळी माणसाने मदत केली, तर पिल्लू अडचण येताच मान वर करून मालकाकडे पाहू लागते. बंदुकीचा आवाज अकस्मात व फार जवळून ऐकविल्यास उपजत चांगले कुत्रेही कायमचे बुजते. याकरिता ते पाठलागात रंगले असताना दूरवरून आवाजाची सवय करतात. हरणाच्या मागावर जाणाऱ्या कुत्र्याला आवरणे आवश्यक असते. परंतु ज्याने अद्याप कोणताच माग नीट धरलेला नाही, अशा पिल्लाला शिक्षा केल्यास ते हरणाबरोबर ससाही वर्ज्य समजते. शिस्त ही जिद्द निर्माण झाल्यानंतरची गोष्ट आहे, हा क्रम झेनोफनच्या नियमांतही सूचित झाला आहे.

वैज्ञानिक अभ्यास : मेन राज्यातील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट व जॉन एल. फुलर यांनी बीगलसह पाच जातींच्या कुत्र्यांचा दीर्घकाळ अभ्यास करून १९६५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वयाच्या सु. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांचा काळ पिल्लाच्या सामाजिक जडणघडणीत निर्णायक असतो, हा त्यांतील प्रमुख निष्कर्ष होय. याच ठिकाणी झालेल्या व १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चौदा आठवड्यांपर्यंत माणसाचा सहवास न मिळालेली पिल्ले नंतरही माणसाला अत्यंत भिणारी निघाली. रानात माणसाच्या पायांशी घुटमळणाऱ्या किंवा झुडपात न शिरणाऱ्या अनेक पिल्लांची अडचण नाकाची नसून भीतीची असू शकते, असा अर्थ यावरून निघतो. शेतकऱ्यांकडे पिल्ले वाढविण्यास देण्याच्या जुन्या इंग्रजी प्रथेचे महत्त्वही त्यामुळे नव्याने लक्षात आले. माग काढण्याची प्रेरणा अन्य कामाकडेही वळविता येते. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९८४ मध्ये लॉस अँजेल्सच्या विमानतळावर सामानातील निषिद्ध फळे व मांस हुडकण्यासाठी बीगल कामाला लावले, हे याचे सुपरिचित उदाहरण होय.

भारतीय परंपरा : कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये सारमेयविनोद, म्हणजे कुत्र्यांच्या साहाय्याने करावयाचे मनोरंजन, वर्णिलेले आहे. दख्खनच्या कोरड्या माळरानावर मात्र गंधापेक्षा दृष्टीवर धावणारी कुत्रीच सशासाठी उपयोगी पडली. महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातील कारवान आणि मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेली मुधोळ हाउंड ही त्यांची उदाहरणे होत. या कुत्र्यांत आरंभाच्या विलंबापेक्षा शरीर भरण्यापूर्वी पळविल्याने होणारी इजा हा धोका मोठा असतो. अरायनचा इशारा म्हणूनच त्यांना तंतोतंत लागू पडतो. शिकारीवर जगणाऱ्या पारधी समाजाच्या काही गटांची ब्रिटिश अमदानीत १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांखाली नोंद झाली. संस्थानिकांची शिकार प्रतिष्ठेची ठरत असता गरिबांची शिकार संशयास्पद मानली गेली, हे इंग्लंडच्या इतिहासाशी जुळते. हे कायदे १९५२ मध्ये रद्द झाले.

निर्बंध व सद्यःस्थिती : भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार काही प्राण्यांची शिकार सुरुवातीस परवान्याने करता येई, १९९१ च्या दुरुस्तीने ती मुभा संपली आणि रानसशाची शिकार बेकायदेशीर ठरली. कारवान व मुधोळ कुत्री त्यानंतर मुख्यतः राखणीसाठी व हौसेखातर पाळली जातात. ब्रिटनमध्ये १९५३ साली पोहोचलेल्या मिक्झोमॅटोसिस या विषाणुजन्य रोगाने बिळात राहणाऱ्या सशांची संख्या काही वर्षांतच अत्यंत घटली. इंग्लंड व वेल्समध्ये २००४ च्या कायद्यानुसार १८ फेब्रुवारी २००५ पासून रानसशाची कुत्र्यांकरवी शिकार बंद झाली; १८३६ पासून चालत आलेली वॉटर्लू कप ही ग्रेहाउंडांची स्पर्धाही त्याच वर्षी थांबली. बिळातील सशांना, जमीनमालकाच्या संमतीच्या अटीवर, त्या कायद्यातून वगळले आहे. अमेरिकेत राज्यांच्या नियमांनुसार ठरावीक हंगामात सशाची शिकार चालते आणि अनेक स्पर्धांत ससा न मारता केवळ माग काढण्याचेच परीक्षण होते.

शिकारीचे क्षेत्र असे आकुंचित झाले असले, तरी या परंपरेतून मिळालेले श्वानशिक्षणाचे ज्ञान शोधपथके, सीमाशुल्क, कृषितपासणी यांसारख्या कामांत उपयोगी पडते. कुत्र्याचे वय, त्याचे बालपण, सोबतीची कुत्री, जमीन व हवा यांचा विचार केल्याखेरीज त्याला मंद ठरवू नये, हा या दीर्घ अनुभवाचा सारांश आहे. श्वानशाळांतून दर हंगामात काढून टाकलेल्या कुत्र्यांपैकी कितींना आणखी एक हिवाळा पुरेसा झाला असता, याची गणती कोणत्याही नोंदवहीत झाली नाही.